जमिनीवरून पाहिलेला ‘विजेता’

पहिली तक्रार आली ती विमानांच्या वेगाबद्दल. “सर, हे लय हळू चाललंय,” असं मागच्या रांगेतून कुणीतरी बोललं आणि पुढची चार-दोन पोरं हसली. चुना मारलेल्या भिंतीवर तेव्हा मिग-२१ दिसत होतं. आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं हे विमान बुलढाण्याच्या पोरांना हळू वाटलं. दोष त्यांचा नव्हता. ही पोरं ‘टॉप गन : मॅव्हरिक’ आणि ‘फायटर’ मोबाइलवर पाहून वाढलेली. तिथं विमान पडद्यावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. ‘विजेता’मधलं विमान टिकतं, कारण ते खरं आहे. ते उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ कॅमेरा त्याच्याकडे बघत राहतो.

बुलढाण्यातल्या एका भरती अकॅडमीत, पत्र्याच्या लांबट शेडमध्ये, भाड्यानं आणलेल्या प्रोजेक्टरवर आम्ही हा जुना चित्रपट लावला होता. कल्पना अकॅडमीच्या सरांची. रोज पहाटे पाचला ग्राउंडवर पळणाऱ्या पोरांना एक संध्याकाळ विरंगुळा मिळावा आणि चार गोष्टी कळाव्यात, एवढाच त्यांचा हेतू. मला मात्र वेगळं पाहायचं होतं. लढाऊ वैमानिक कसा घडतो याची गोष्ट सांगणारा १९८२ सालचा हा चित्रपट इथली माणसं कुठून पाहतात, ते.

‘विजेता’ची निर्मिती शशी कपूरची आणि दिग्दर्शन गोविंद निहलानींचं. निहलानी मुळात कॅमेरामन. ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘मंथन’ या बेनेगलांच्या चित्रपटांचं छायाचित्रण त्यांचंच, आणि ‘विजेता’च्या छायाचित्रणासाठी त्यांना फिल्मफेअरही मिळालं. कथा-पटकथा लिहिली ती आपल्या दिलीप चित्र्यांनी, संवाद सत्यदेव दुबेंचे, गीतं वसंत देवांची. आशा भोसल्यांबरोबर सत्यशील देशपांडे गायले ते याच चित्रपटात. एवढी मराठी हातांची वर्दळ असूनही मराठी माणसाला ‘विजेता’ आपला वाटत नाही, निहलानींचाच ‘अर्धसत्य’ वाटतो. कदाचित ‘अर्धसत्य’मधला राग आपल्या ओळखीचा असतो आणि ‘विजेता’मधला गोंधळ तितका ओळखीचा नसतो, म्हणून असेल.

गोष्ट तशी साधी. अंगद हा शहरातला, खात्यापित्या घरातला मुलगा. आईबापांचं पटत नाही. रेखा आई, शशी कपूर बाप, आणि अंगदच्या भूमिकेत शशी कपूरचा खरा मुलगा कुणाल. आयुष्यात काय करायचं हे त्याला कळत नाही, आणि त्या न कळण्यातूनच तो हवाई दलात जातो. पुढं प्रशिक्षण, भीती, कठोर प्रशिक्षक अमरीश पुरी, त्याची मुलगी सुप्रिया पाठक, आणि शेवटी मिग-२१ व युद्ध.

चित्रपट निम्म्यावर आला तेव्हा अकॅडमीच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी हात पुसत येऊन दाराशी बसल्या. त्यांना विमानांत काडीचा रस नव्हता. त्यांनी सगळा वेळ घराकडे पाहिलं. शेवटी म्हणाल्या, “मले तं त्या पोराच्या बापाचाच राग येऊन राह्यला. एवढं मोठं पोरगं घरात, अन् त्याच्याशी धड बोलत नाई. ते पोरगं विमानात बसाले थोडंच गेलं? घरातल्या भांडणातून सुटाले गेलं.” चित्र्यांच्या पटकथेवर मी वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा हे बरं होतं.

पण पोरांना नेमकं तेच पटलं नाही. घरात भांडण आहे म्हणून कुणी फौजेत जातं का, हा त्यांचा प्रश्न. एकानं हिशेबच मांडला : बापाकडे गाडी आहे, बंगला आहे, पोरगं इंग्रजी बोलतं, मग ह्याला कसलं टेन्शन? त्याच्या गावाकडे दोन एकर कोरडवाहू, सोयाबीनचा भाव पडलेला आणि बहिणीचं लग्न व्हायचं. त्याला ‘काय करू’ हा प्रश्न पडलेलाच नाही. पोलीस भरती, एसआरपी, अग्निवीर, सीआयएसएफ, वनरक्षक; जे आधी निघेल ते. स्वतःला शोधायला वर्दी घालायची ही कल्पनाच त्याला श्रीमंती वाटते. ऐकताना मलाही वाटलं की चित्रपटाचं दुखणं खरं असलं तरी ते फुरसतीचं दुखणं आहे. इथल्या पोरांच्या वाट्याला ती फुरसत आलेली नाही.

वर्दीशी या जिल्ह्याचं नातं सिनेमातून आलेलं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाला सीआरपीएफच्या ताफ्यावर हल्ला झाला, त्यात या एका जिल्ह्याचे दोन जवान गेले. एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. शेडमधली निम्मी पोरं तेव्हा सातवी-आठवीत असतील. अंत्ययात्रेची गर्दी त्यांना आठवते. एक जण त्या वेळी बापाच्या खांद्यावर बसून पाहत होता, असं त्यानं अगदी सहज सांगितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

विमानाशी मात्र बुलढाण्याचा संबंध लांबचाच. आकाशातून या जिल्ह्यात उतरलेली एकमेव मोठी वस्तू म्हणजे लोणारची उल्का, आणि तिनं जवळपास दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा करून ठेवला. बुलढाणा शहरात विमानतळ तर नाहीच, रेल्वेही नाही. गाडी धरायची तर राजूर घाट उतरून मलकापूर गाठायचं. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आमच्याकडे ती वारशासारखी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते. या गावात ‘पोरगा एअरफोर्समध्ये आहे’ असं कुणी सांगितलं, तर तो पायलट आहे असं कुणीही समजत नाही. तो एअरमन असतो. फिटर, रेडिओवाला, नाहीतर स्टोअरमध्ये.

असेच एक काका त्या संध्याकाळी मुद्दाम बोलावले होते. राहणार देऊळगाव राजाकडचे, हवाई दलात मिग-२१ च्या इंजिनवर वीस वर्षं काढलेले. भिंतीवर विमान आलं की ते डोळे मिटून घेत. मी विचारलं तर म्हणाले, पाहायचं काय त्यात, आवाज ऐकतोय. आफ्टरबर्नर लागला की पायाखालची जमीन सांगते, आणि ते काही या स्पीकरमधून येणार नाही.

चित्रपटावर त्यांचा एकच आक्षेप होता, आणि तो मोठा होता. विमान आभाळात जाण्यापूर्वी जमिनीवर जे होतं ते पडद्यावर नाही म्हणावं इतकं ओझरतं आहे. मग त्यांनी ते पोरांना सांगितलं. मला वाटतं, त्या संध्याकाळी पोरांनी सर्वांत मन लावून काय ऐकलं असेल तर ते हे. प्रत्येक विमानाची एक वही असते, फॉर्म सेव्हन हंड्रेड. विमान उडण्याआधी एअरफ्रेमवाला, इंजिनवाला, इलेक्ट्रिकलवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, जो तो आपापला भाग तपासतो आणि त्या वहीत सही करतो. त्या सह्या झाल्यावर पायलट सही करतो, म्हणजे विमान त्यानं ताब्यात घेतलं. विमान परत आलं की काय बिघडलं ते त्याच वहीत लिहितो. कुठं काही वाकडं झालं, तर चौकशीत सर्वांत आधी ही वही सील होते. काका म्हणाले, “पायलटचा फोटो पेपरात येते. आमची सही वहीत राह्यते.”

मिग-२१ उतरतं तेव्हा शेपटीकडून एक पॅराशूट सुटतं, वेग कमी करायला. काकांच्या भाषेत ‘टेल चूट’. विमान थांबण्यापूर्वीच ते खाली टाकून दिलं जातं, मग कुणीतरी जाऊन ते गोळा करायचं, झटकायचं, वाळवायचं, घडी घालून पुन्हा पॅक करायचं. उन्हाळ्यात तापलेल्या धावपट्टीवरून ते ओढत आणताना तळवे भाजतात, असं सांगताना त्यांनी हात पुढं केले, जणू अजून तिथं काही दिसेल. पोरांनी वाकून खरंच पाहिलं.

त्यांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मला घरी आल्यावरही सुटेना, कारण चित्रपट निघाला त्याच वर्षाशी तिचा संबंध आहे. ‘विजेता’तला अंगद लहान विमानावर शिकतो आणि पुढं मिग-२१ वर जातो. ही पायरी प्रत्यक्षात किती उंच होती? आपल्याकडे नव्या वैमानिकाला आधी पंख्याच्या साध्या विमानावर आणि मग ‘किरण’ या जेटवर शिकवत. ‘एचटी-२’ हे पहिलं देशी शिकाऊ विमान १९५१ साली उडालं. ते घडवणारे विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. ‘किरण’ १९६४ साली उडालं. दोन्ही सौम्य, चूक पोटात घालणारी विमानं. त्यानंतर थेट मिग-२१. आखूड पंखांचं, ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं जमिनीला टेकणारं, चूक माफ न करणारं. मधली पायरीच नव्हती. काकांच्या शब्दांत, “लुनावर शिकवाचं, अन् मंग एकदम बुलेट हाती द्याची. अन् रस्ता कोणता, तं घाटाचा.”

ही गोष्ट हवाई दलाला कळत नव्हती असं नाही. १९८२ सालीच एअर मार्शल डेनिस ला फोन्टेन यांच्या समितीनं सांगितलं होतं की मधल्या पायरीसाठी प्रगत शिकाऊ जेट विमान घ्या. म्हणजे पडद्यावरचा अंगद मिगच्या कॉकपिटमध्ये चढत होता, त्याच सुमारास दिल्लीतल्या एका अहवालात लिहिलं जात होतं की अशा मुलांना आणखी एक विमान शिकायला मिळायला हवं. ते विमान म्हणजे ब्रिटनचं ‘हॉक’. करार झाला मार्च २००४ मध्ये, आणि विमानं बिदरच्या तळावर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. सव्वीस वर्षं गेली. खामगाव-जालना रेल्वेची वाट पाहणाऱ्यांना हा कालावधी फार वाटणार नाही, पण रेल्वे न आल्यानं बाविशीतली पोरं मरत नाहीत. २०१२ साली संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत आकडा दिला होता : घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली, आणि त्यांत १७१ वैमानिकांचा जीव गेला. सगळे अपघात शिकवण्यातल्या त्रुटीमुळे झाले असं कुणी म्हणणार नाही. इंजिनं होती, पक्षी होते, सुटे भाग होते, जुनेपण होतं. पण ती नसलेली पायरी या आकड्यात आहेच, आणि ‘विजेता’ आज पाहताना अंगदच्या चेहऱ्यावरची भीती मला आता नुसती पटकथेतली वाटत नाही.

ही विमानं रशियन रचनेची खरी, पण त्यातली बहुतेक बांधली गेली नाशिकजवळ ओझरला, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात. १९६४ साली हा कारखाना उभा राहिला तोच मिगसाठी. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी वाटणी होती. आपल्याकडची आयटीआय झालेली कितीतरी पोरं ओझरला चिकटली. हे ऐकून शेडमधला एक जण ताठ बसला. त्याचे मामा तिथूनच निवृत्त झाले होते, आणि मामा ‘कंपनीत’ होते यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. मामांनी रिव्हेट मारलेलं विमान आपण आत्ता हळू म्हणून हसलो, हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. १९६३ साली याच शहरात ते हवाई दलात आलं होतं. बासष्ट वर्षं. काकांनी तो सोहळा घरी टीव्हीवर पाहिला आणि शेवटची विमानं उतरली तेव्हा घरच्यांना चहा ठेवायला सांगितलं, एवढंच ते त्याबद्दल बोलले.

एक निवृत्त मास्तरही आले होते. त्यांनी ‘विजेता’ लागला तेव्हाच थिएटरात पाहिलेला. आठवण काय, तर थिएटर अर्धं रिकामं होतं.  लोक रेखा आहे म्हणून आले, आणि रेखा नाचत नाही म्हणून मध्यंतरात उठून गेले. मास्तर मात्र दुसऱ्या दिवशी वर्गातल्या हुशार मुलांना म्हणाले होते, बघा रे, असंही काही असतं. त्यातलं कुणी हवाई दलात गेलं का, असं विचारल्यावर ते हसले. एक जण तहसीलदार झाला, एकाचं कृषी केंद्र आहे.

खरं तर रस्ता तेव्हाही होता. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट १९७७ पासून आहे. दहावीनंतर पोरं निवडून दोन वर्षं एनडीएसाठी तयार करणं, एवढंच तिचं काम. चिखलीहून एसटीनं काही तासांचं अंतर. तरी शेडमधल्या बहुतेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, ज्या वयात उपयोग होता ते वय उलटून गेल्यावर. मला चित्रपटापेक्षा याचा जास्त त्रास झाला. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटणारी, फ्लेक्स लावणारी माणसं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. हे एक नाव त्या फ्लेक्सच्या कोपऱ्यात टाकायला कुणाचा काय खर्च होतो?

ज्यांना रस्ता सापडतो त्यांनाही पुढं घाट आहेच. एनडीएची लेखी परीक्षा इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. हवाई दलासाठी बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवं. मग एसएसबी, पाच दिवसांची मुलाखत. शेडमधला एक जण तिथवर जाऊन आलेला होता. पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात इंग्रजीत बोलायचं. “मी स्क्रीन आऊट झालो,” तो म्हणाला. गोष्ट त्यानं चांगली लिहिली होती, गटात बोलायची वेळ आली तेव्हा सगळे एकदम बोलू लागले आणि तो थांबला. आपल्याकडे मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये बोलत नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं परत. वैमानिकासाठी तर आणखी एक चाळणी आहे. हाताची, डोळ्यांची, लक्षाची संगणकावर परीक्षा होते, आणि तिच्यात एकदा नापास झालेल्याला उड्डाण शाखेसाठी पुन्हा बसताच येत नाही, असा नियम वर्षानुवर्षं होता. हे सरांनी सांगितलं तेव्हा शेड एकदम शांत झालं. पोलीस भरतीला चार-चारदा बसणाऱ्या पोरांना ‘एकदाच’ हा शब्द कळायला वेळ लागला.

मुली मागच्या बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांचा मुद्दा नेमका होता : या सिनेमात पोरीला काम काय? प्रशिक्षकाची मुलगी, नायकावर प्रेम करणारी. सुप्रिया पाठकनं ते फार छान केलंय, पण काम तेवढंच. १९८२ साली हवाई दलात मुलगी वैमानिक म्हणून जाऊच शकत नव्हती, हे मी सांगू लागलो तर त्यांनाच पुढचं माहीत होतं. अवनी चतुर्वेदी, भावना कंठ, मोहना सिंग, जून २०१६, लढाऊ विमानांच्या पहिल्या महिला वैमानिक. रेवासारख्या गावाकडची अवनी फेब्रुवारी २०१८ मध्ये मिग-२१ बायसन एकटीनं उडवून आली. हे सगळं त्यांना रील्सवरून पाठ. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ ला गेली आणि मे २०२५ मध्ये तिच्यातल्या १७ जणी बाहेर पडल्या, हेही एकीनं सांगितलं आणि वर विचारलं, “याच्यावर पिच्चर कधी?”

चित्रपट संपल्यावर खरी गर्दी जमली ती सरांच्या टेबलाशी. वैमानिकाच्या मापांचा तक्ता त्यांनी मोबाइलवर काढला होता. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, पायांची लांबी ९९ ते १२०, मांडी ६४ पेक्षा लांब नको, कारण कॉकपिटमधून बाहेर फेकलं जाताना गुडघे आपटतात. पायाची लांबी कशी मोजतात ते काकांनी करून दाखवलं. भिंतीला पाठ टेकवून बसायचं, पाय सरळ पुढं, आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप. मेसच्या मावशींनी शिवणकामाचा टेप आणून दिला. मघाशी पिच्चर विचारणारी पोरगी सर्वांत आधी बसली. एकशे दोन. मग रांगच लागली. पोलीस भरतीचीच तयारी करणारे, बारावीला गणित नसलेले, वय उलटलेले, सगळे भिंतीला टेकून पाय लांब करून बसू लागले. विमानं हळू चालली आहेत म्हणणारा शेवटी आला. साडेसत्त्याण्णव भरले. “टाच दाबली तुमी,” तो म्हणाला आणि पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा साडेसत्त्याण्णव. काकांनी टेप गुंडाळत त्याला सांगितलं की फॉर्म सेव्हन हंड्रेडवर सही करायला पायाची लांबी लागत नाही. त्यावर त्यानं सरांना विचारलं की एअरमनचा अर्ज कधी सुटतो, फी किती, आणि ती ऑनलाइन भरायची की चलनानं.